रायणीचा खुंट

(हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



साठ वर्षांचा अहवाल चिटणिसांनी वाचला आहे. त्यात मी भर घालत नाही. मला बोलायचे आहे ते फाटकाजवळच्या चिकूविषयी. मेळाव्याला आलेल्यांपैकी अनेकांनी सकाळपासून मला विचारले, ‘बाई, चिकू कुठे गेला?’ तो तोडण्याच्या कागदावर सही माझी आहे. तेव्हा उत्तरही मीच दिले पाहिजे.

माझे आजोबा रत्नागिरीहून बडोद्याला आले ते सयाजीराव महाराजांच्या संस्थानात नोकरी मिळाली म्हणून. महाराजांनी 1906 साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले होते, आणि त्या शाळाखात्यात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसांना काम होते. आजोबांनी दांडिया बाजारात बिऱ्हाड केले. कोकणातून येताना त्यांनी ट्रंकेत फणसाच्या आठळ्या आणल्या होत्या. दोनदा लावल्या, दोनदा रोपे उन्हाळ्यात करपली. आजी धुण्याचे पाणी राखून रोपांना घालत असे, तरी उपयोग झाला नाही. शेजारच्या गुजराती बा हे सगळे पाहत होत्या. त्यांनी एक दिवस पदराखालून मूठभर बिया आणून आजीच्या ओंजळीत घातल्या आणि म्हणाल्या, ‘बहेन, इथली माती इथले झाड मागते. रायण लावा.’

रायण म्हणजे आपण जिला खिरणी म्हणतो ती. पावसाळ्याच्या तोंडावर पिवळीधमक, बोटाच्या पेराएवढी फळे बाजारात येतात. खाल्ली की चिकाने ओठ एकमेकांना चिकटतात. वाळवलेल्या फळांना गुजरातीत कोकडी म्हणतात. पालिताण्याच्या शत्रुंजयावर आदिनाथांच्या देरासराजवळ जी रायण आहे, तिला भाविक प्रदक्षिणा घालतात. झाड दीर्घायुषी, पण वाढ इतकी संथ, की लावणाऱ्याने फळाची वाट पाहू नये. आजोबांना हे रुचले नाही. ‘नातवंडांसाठी झाड लावायचे, तर मग फणस काय वाईट होता?’ असे ते म्हणत. तरी त्यांनी रायण लावली. तिला पहिली फळे धरली तेव्हा माझे वडील कॉलेजात होते. आजोबांनी मात्र अखेरपर्यंत त्या झाडाला ‘बांची रायण’ असेच म्हटले. स्वतःची म्हणून ते कधी बोलले नाहीत.

माझे वडील, आपणांपैकी बहुतेकांचे सर, घरी आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, या शाळेत विज्ञान शिकवीत. चिकू हा परदेशातून, मेक्सिकोकडून आलेला पाहुणा. आपल्याकडे तो रायणीच्या खुंटावर बांधतात, कारण रायणीची मुळे चिवट असतात. अण्णांनी घरच्या रायणीच्या बिया कुंड्यांत रुजवल्या, रोपे दोन वर्षे वाढवली, आणि एका सहकाऱ्याच्या अंगणातल्या चिकूभोवती बांबूचा मांडव घालून त्यावर त्या कुंड्या चढवल्या. आठवीच्या मुलांनी रोपाची आणि फांदीची साल तासून दोन्ही जखमा एकमेकींना भिडवल्या आणि केळीच्या सोपटाने घट्ट बांधल्या. हेच भेटकलम. सांधा जुळायला अडीच-तीन महिने लागले. तोवर मुले रोज शाळा सुटल्यावर पाणी घालायला जात. एक-दोघांनी अधीरपणाने बांध सोडून पाहिला आणि कलमे वाया घालवली, हेही सांगितले पाहिजे. ते कोण हे मला माहीत आहे, पण आज सभेत त्यांची नातवंडे बसली आहेत.

त्यांतले एक कलम फाटकाजवळ लागले. मी तेव्हा तिसरीत होते. उरलेली अण्णांनी मुलांना वाटून टाकली.

नऊ वर्षांपूर्वी मी या खुर्चीवर आले तेव्हा पहिलीत अकरा मुले होती. मराठी माध्यमाच्या शाळेला महाराष्ट्राबाहेर जे सोसावे लागते ते आपण जाणता. लहान मुलांची गाडी आत यावी, ही पालकांची मागणी रास्त होती. फाटक रुंद करायचे तर चिकू आड येत होता. मी रीतसर परवानगी काढली आणि मे महिन्याच्या सुटीत झाड तोडून घेतले. अण्णांना आधी सांगितले नाही. धीर झाला नाही, हेच खरे. पुढच्या वर्षी पहिलीत एकोणीस मुले आली. ती केवळ फाटकामुळे आली असे मी म्हणणार नाही.

अण्णांना मी आठ दिवसांनी सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी एवढेच विचारले, ‘करवत सांध्याच्या वर लावली, की खाली?’ मला सांगता आले नाही. दांडिया बाजारचे घर तोवर विकले गेले होते आणि तिथली रायण नव्या इमारतीच्या पायात गेली होती. बांच्या त्या बियांचे जे काही उरले होते, ते शाळेच्या फाटकाशी जमिनीखाली होते. हे माझ्या ध्यानातच आले नव्हते.

श्रावणात शिपाईमामांनी सांगितले की बुंध्याला फूट आली आहे. मी अण्णांना रिक्षाने घेऊन आले. त्यांनी एक पान तोडून माझ्या हातावर ठेवले. चिकूचे पान टोकदार असते. हे टोकाशी बोथट होते आणि मधोमध बारीक खाच होती. ‘खाली लावली,’ ते म्हणाले. ‘रायण आहे.’ कलमी झाडाच्या खुंटाला येणारे असे फुटवे एरवी खुडून टाकतात. आम्ही ते राखले. अण्णा पुढे दोनच वर्षे होते.

आज ती रायण फाटकाच्या भिंतीवरून डोकावते आहे. गाडी तिला वळसा घालून आत येते. चालक रोज कुरकुरतो. यंदा प्रथमच तिला मूठभर फळे लागली. ती आठवीच्या मुलांनी खाल्ली आणि बिया कुंड्यांत लावल्या. सोळा रोपे उगवली आहेत. दोन वर्षांनी ती कलमाजोगी होतील. मुलांना चिकूची फांदी हवी आहे, आणि ती अण्णांच्याच कलमाची असावी, असा माझा लोभ आहे.

तेव्हा माझी विनंती अशी: त्या वर्गातल्या ज्यांच्या अंगणात तो चिकू अजून उभा असेल, त्यांनी कार्यालयात आपला पत्ता लिहून ठेवावा. मांडव आम्ही घालू. कुंड्या मात्र तीन महिने आपल्या दारात राहतील, आणि मुले रोज पाणी घालायला येतील.