मिस्त्रीची मजुरी आणि कामाची प्रत



वसंत व्याख्यानमालेत साहित्य, इतिहास, अर्थकारण या विषयांवर अधिकाराने बोलणारे विद्वान आपण नेहमी ऐकता. यंदा व्यवस्थापकांनी एक संध्याकाळ पाना-पकड धरणाऱ्यांच्या विषयाला दिली, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण थोडे गॅरेजात, थोडे नगरवाचनालयात आणि बरेचसे संघटनेच्या कचेरीत झाले. तेव्हा भाषेत काही ओबडधोबड आढळले तर चालवून घ्यावे. हिशेबात आढळले तर मात्र अवश्य अडवावे.

मोटारी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीविषयी दोन तक्रारी आपण रोज ऐकतो. गाडीवाला म्हणतो, "आजकाल चांगला मिस्त्री मिळत नाही." मिस्त्री म्हणतो, "चांगल्या कामाचे पैसे देतो कोण?" मालकवर्ग पहिली तक्रार उचलून धरतो आणि आमच्यासारखे संघटनावाले दुसरी. आमच्या मते दोन्ही खऱ्या आहेत, आणि त्या एकाच दुखण्याच्या दोन कळा आहेत. आपण मिस्त्रीला पैसे देतो ते कशाचे देतो, येथे सारी मेख आहे.

दुरुस्तीचे बिल हाती आल्यावर गिऱ्हाईक काय करते ते पाहा. ब्रेकचे लायनर, ऑइल सील, बेअरिंग यांच्या किमती छापील असतात. त्यांवर तो फारसे बोलत नाही. खाली 'मजुरी' हा शब्द दिसला की त्याचा आवाज चढतो. लोखंड घेताना घासाघीस नाही. ते लोखंड कोठे, कसे आणि का बसवायचे हे ज्ञान घेताना मात्र घासाघीस. आणि निदानाचे तर नावच नको. गाडी का तापते हे शोधण्यात मिस्त्रीने अर्धा दिवस घालवला आणि अखेरीस पाण्याचा एक फाटका पाइप बदलला, तर गिऱ्हाईक पाइपाचे पैसे देते आणि वर चहापाण्याचे म्हणून काही हातावर ठेवते. डॉक्टरने तपासून "काही झालेले नाही, विश्रांती घ्या" म्हटले तरी आपण फी बिनतक्रार देतो. दोष शोधण्याची विद्या दोघांचीही आहे. एकाचे हात स्वच्छ आहेत आणि दुसऱ्याचे काळे, एवढाच फरक.

याचा परिणाम काय होतो? निदानाला मोल नाही आणि सामानावर नफा आहे, हे गॅरेजमालक पहिल्या वर्षीच शिकतो. मग स्टार्टरचे कार्बन बदलून जेथे भागले असते तेथे अख्खा स्टार्टर बदलला जातो. गिऱ्हाईक म्हणते, मिस्त्रीने लुटले. पण दुरुस्तीचे पैसे नाकारून बदलण्याचे पैसे देण्याची सवय कोणी लावली, हेही त्याने एकदा मनाशी तपासावे.

आता कामाच्या प्रतीकडे येऊ. इंजिनाचे हेड उतरवून पुन्हा बसवायचे म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. दोन्ही पृष्ठभाग खरडून स्वच्छ करायचे. हेड वाकले आहे काय, हे सरळ पट्टी ठेवून फीलर गेजने तपासायचे. नवे गॅस्केट बसवायचे. मग बोल्ट आवळायचे. तेही मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन टप्प्यांत, टॉर्क पान्याने मोजून. एका बाजूने सुरुवात करून एका दमात आवळत गेले तरी गाडी त्या दिवशी सुरू होतेच. गिऱ्हाईक खूश, मालक खूश. काही महिन्यांनी गॅस्केट फुटते आणि पाणी तेलात उतरते. तोवर कोणी कसे आवळले होते, हे कोणास आठवते? चाकाच्या नटांचेही तेच. समोरासमोरचे नट आलटून पालटून आवळावे लागतात. ओळीने आवळले तर चाक तिरके बसू शकते, आणि ते बाहेरून दिसत नाही.

दुरुस्तीचे काम हे असे आहे. ते नीट झाले की नाही, हे करणाऱ्याला त्याच क्षणी कळते. इतरांना कळते ते फार उशिरा, कधी घाटात. अशा कामाची प्रत राखायची तर दोन गोष्टी लागतात. करणाऱ्याच्या हाताशी वेळ हवा, आणि "हे मी असेच सोडणार नाही" असे म्हणण्याचा अधिकार हवा. ज्याला दिवसाकाठी किती गाड्या बाहेर काढल्या यावर पैसे मिळतात, त्याच्याजवळ वेळ नसतो. ज्याला उद्या कामावर ठेवतील की नाही याची खात्री नसते, त्याच्याजवळ अधिकार नसतो. वेळ आणि अधिकार दोन्ही काढून घ्यायचे आणि मग भिंतीवर "ग्राहक हेच दैवत" अशी पाटी लावायची, ही आजची तऱ्हा आहे.

येथे थोडे मागे वळून पाहू. आपल्या खेड्यांत बलुत्याची पद्धत होती. लोहाराने, सुताराने वर्षभर गावाची अवजारे दुरुस्त ठेवायची आणि सुगीला खळ्यावर आपला धान्याचा वाटा घ्यायचा. या पद्धतीतला हिशेब लक्षात घ्या. फाळ दहा वेळा दुरुस्त केला तरी वाटा तोच आणि दोनदा केला तरी तोच. म्हणजे फाळ टिकण्यात जेवढे कुणब्याचे हित, तेवढेच लोहाराचे! आजच्या गॅरेजात नेमके उलटे आहे. गाडी लवकर परत येण्यात कोणाचा तरी फायदा असतो.

पण हे ऐकून कोणी "जुने ते सोने" म्हणू लागेल, तर आम्ही त्याला तेथेच थांबवू. बलुत्यात हिशेब बरा होता, पण माणूस बांधलेला होता. लोहाराचा मुलगा लोहारच. वाटा किती हे गाव ठरवणार. कमी पडला तर तोंड वर करून मागण्याची सोय नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी जे भाषण लिहिले आणि जे त्यांना देऊ दिले गेले नाही, त्यात त्यांनी हे वर्म उघडे केले. जाती म्हणजे नुसती श्रमाची वाटणी नव्हे, ती श्रम करणाऱ्या माणसांचीच उतरंडीने केलेली वाटणी आहे, असा त्यांचा मुद्दा होता. हाताने काम करणारा खालचा आणि कागदावर काम करणारा वरचा, ही आपली समजूत त्या उतरंडीतून आली. गॅरेजात आज सर्व जातीधर्मांची पोरे आहेत, पण काळ्या हाताविषयीची तुच्छता जुनीच आहे.

तेव्हा बलुत्यातील माणसाची बांधिलकी टाकून देऊन हिशेब तेवढा घेता येईल काय? घेता येतो. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर एस.टी.ची पहिली गाडी धावली. पुढे दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथे मध्यवर्ती कार्यशाळा झाल्या आणि आगारोआगारी यांत्रिक कर्मचारी मासिक पगारावर कामास लागले. गाडी मोडल्यावर पैसे, असा तेथे हिशेब नाही. गाडी मोडू नये म्हणून ती ठरल्या मुदतीने तपासायची, हा कामाचा पाया. मात्र ही पद्धत चालायची तर पगार पोटापुरता हवा आणि सामान वेळेवर हवे. २०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत एस.टी. कर्मचाऱ्यांचा जो संप झाला, तो पगाराच्या आणि नोकरीच्या शाश्वतीच्या प्रश्नावरच झाला. त्या संपाला लोक आजही 'ड्रायव्हर-कंडक्टरांचा संप' म्हणतात. गाडीखाली झोपून काम करणारा संपातही गाडीखालीच राहिला, कोणाच्या नजरेस आला नाही.

खाजगी गॅरेजांत तर याहून वाईट. चार-पाच माणसांच्या गॅरेजाला कारखान्याचा कायदा लागू होत नाही. भविष्यनिर्वाह निधीच्या सक्तीला २० माणसे लागतात, तीही तेथे नसतात. किमान वेतनाच्या १९४८ च्या कायद्यापासून कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी कामगारांची प्रतवारी रुळली. पण सहा-सात वर्षे इंजिने उघडणारा पोरगा हजेरीपुस्तकात 'हेल्पर'च असतो, कारण हेल्पर म्हटले की अकुशलाचा दर देऊन भागते. चौदा वर्षांखालील मुलाला कामावर ठेवण्यास २०१६ च्या दुरुस्तीने सरसकट बंदी झाली, घरच्या धंद्यात शाळेबाहेरच्या वेळेची सवड राहिली. तरी 'छोटू' ही हाक कोठे ना कोठे ऐकू येतेच. वापरलेल्या इंजिन ऑइलात दिवसभर हात, पेट्रोलने हात धुणे, हवा मारून ब्रेकची धूळ उडवणे, याने कातडी आणि छाती दोन्ही खराब होतात. त्याचा खर्च कोणत्याच बिलात नसतो.

आणि शिक्षणाचे काय? १९३७ साली वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तव्यवसायातून शिक्षणाची कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने शाळेत 'कार्यानुभव' आणण्यास सांगितले. पुष्कळ शाळांत त्याची कागदी फुले झाली. १९५० पासून सरकारने कारागीर प्रशिक्षणाची योजना चालवली, तिच्यातून आय.टी.आय. उभ्या राहिल्या. आज घरोघर काय म्हणतात? "दहावीला मार्क कमी पडले तर आय.टी.आय.ला घालू." म्हणजे ज्याच्या हाती आपल्या लेकराबाळांच्या गाडीचा ब्रेक द्यायचा, तो उरलेल्यांतून निवडायचा. १ एप्रिल २०२० पासून बी.एस.-६ च्या गाड्या आल्या, त्यांचा दोष संगणकाचा स्कॅनर लावून वाचावा लागतो. विजेवरच्या मोटारीत शेकडो व्होल्टची तार असते; तेथे अर्धवट ज्ञान म्हणजे जीवाशी गाठ. हे शिकायला मिस्त्री तयार आहे. पण शिकायचे कोणाच्या वेळात आणि कोणाच्या पैशात, हे कोणी सांगत नाही.

एक प्रसंग सांगतो. आमच्या एका सभासदाने शाळेच्या मुलांची बस ब्रेकच्या कारणावरून बाहेर सोडण्यास नकार दिला. मालक म्हणाला, "आजची फेरी होऊ दे, उद्या पाहू." हा म्हणाला, "माझ्या हातून जाणार नाही." त्याच संध्याकाळी त्याला घरी बसवले. संघटना त्याच्यासाठी आठ महिने भांडली आणि तो पुन्हा कामावर आला. त्या आठ महिन्यांत वर्गणी देणाऱ्यांत असे लोक होते, की ज्यांना स्वतःला वाढीव पगार मिळालेला नव्हता. का दिली त्यांनी वर्गणी? त्यांतल्या एकाने आमच्यापाशी उत्तर दिले, "नाही म्हणता आले नाही तर मग आपण पान्यासारखेच की!" पुस्तकांत एवढे नेमके आम्हांस कोठे मिळाले नाही.

याच न्यायाने आमच्या संघटनेत आम्ही दुसराही दंडक ठेवला आहे. न केलेल्या कामावर "केले" म्हणून जो सही करील, त्याचा बचाव संघटना करणार नाही. यावर सभेत गदारोळ झाला. "तुम्ही मालकाचे वकील झालात काय?" असे विचारले गेले. आम्ही म्हटले, मजुरी वाढवून मागताना आपण सांगतो की हे कौशल्याचे काम आहे. मग खोट्या सहीला पाठीशी घालून ते कवडीमोलाचे आपणच कसे ठरवायचे? दंडक मंजूर झाला. मते फार फरकाने पडली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

आमचे मागणे आता थोडक्यात मांडतो. निदानाची मजुरी बिलात वेगळी लिहावी आणि ती मिस्त्रीपर्यंत पोहोचावी. पगार ठरवताना गाड्यांची संख्या हा मुख्य आधार नसावा. महिन्याचा पक्का पगार असावा. गॅरेजात शिकलेल्याची रीतसर परीक्षा घ्यावी आणि उतरला त्याला त्या दिवसापासून कुशल कामगाराचा दर द्यावा. आणि असुरक्षित गाडी रोखण्याचा लेखी अधिकार मिस्त्रीला असावा, त्यापायी त्याची नोकरी जाऊ नये. कोणी म्हणेल, दुरुस्ती महाग होईल. एकेक बिल थोडे वाढेल, हे खरे. पण तीच गाडी वर्षातून तीनदा नेण्याऐवजी एकदा न्यावी लागली, तर वर्षाचा हिशेब काय येतो, तो आपणच मांडून पाहावा.

आता आमच्याच बांधवांसाठी चार शब्द, कारण मागच्या ओळींत ते बरेच दिसत आहेत. "काही झाले तरी पोराला या धंद्यात घालणार नाही," असे आपण म्हणता. पोराने काय व्हावे ते पोराने ठरवावे. बापाचा धंदा त्याच्या गळ्यात बांधणारे बलुते आपल्याला पुन्हा नको. पण हे वाक्य पोरासमोर म्हणताना आपण आपल्याच हातांकडे मालकाच्या नजरेने पाहतो. दुसऱ्या आळीतल्या पोराने तरी हा धंदा मान ताठ ठेवून करावा असे वाटत असेल, तर आजचा बोल्ट नीट आवळा आणि उद्याच्या सभेला या.

आणि आपण गाडीवाले श्रोते, आपल्याला एवढीच विनंती: पुढच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "आज होणार नाही, उद्या या," तर त्याच्यावर रागावण्यापूर्वी कारण विचारा. त्याने नीट कारण सांगितले, तर त्याचा तो दिवसही बिलात धरा.