मुलांना स्वतःचे लिहू द्या
(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



मराठीचा पेपर मुलांना सोपा कसा जाईल यावर बोलावे, असे मला सुचविण्यात आले होते. मी त्याच विषयावर बोलणार आहे, पण थोड्या वेगळ्या वाटेने. मुलाने स्वतःच्या आयुष्याविषयी लिहिलेला आणि पुन्हा लिहून सुधारलेला निबंध, हा माझा आजचा विषय आहे.

निबंध म्हटला की आपल्या मुलांचा हात प्रथम गाईडकडे जातो. आठवीच्या वर्गाला ‘माझी आई’ हा विषय देऊन पाहावा. साठ वह्या जमा होतात. साठही आया पहाटे उठतात, सडा-रांगोळी करतात, तुळशीला पाणी घालतात; आणि साठही निबंध कवितेच्या एकाच ओळीने संपतात.

आता आपल्या मोहल्ल्यातील मुलीच्या अंगणात तुळशीवृंदावन नसते, हे मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे आणि तिलाही माहीत आहे. तुळशीला पाणी घालण्यात वावगे काहीच नाही. ज्याच्या घरी ते रोज घडते त्या मुलाने ते अवश्य लिहावे. पण या मुलीची आई पहाटे उठून तांदळाच्या भाकऱ्या थापते आणि दुपारी मशिनीवर गिऱ्हाइकांचे कपडे शिवते. निबंधाला दहापैकी सात गुण मिळाले, आई मात्र वहीबाहेरच राहिली!

यात नुकसान गुणांचे नाही. आपले घर, आपले जेवण, आपली बोली हे लिहिण्याजोगे नाही, लिहिण्याजोगे असते ते दुसऱ्यांच्या घरात, असा धडा ते मूल न शिकविता शिकते. हा धडा एकदा पक्का झाला, की पुढे अर्ज लिहितानाही ते दुसऱ्याचे वाक्य शोधू लागते.

शाळकरी मुलाच्या अनुभवाला काय किंमत, असे कोणी विचारील. त्यांना मी 1855 सालची गोष्ट सांगेन. पुण्यात जोतीराव फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने, मांग-महारांना काय सोसावे लागते याविषयी एक निबंध लिहिला. तो त्या वर्षी ‘ज्ञानोदय’ नियतकालिकात छापून आला. त्या निबंधाला आता दीडशेहून अधिक वर्षे झाली, तरी अभ्यासक तो आजही वाचतात. तिच्याजवळ गाईड नव्हते. स्वतःच्या लोकांचे जिणे डोळ्यांसमोर होते आणि ते लिहू देणारी शाळा होती.

आणि मराठी आपली नाही, असे तर कोणीच समजू नये. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी काही शतकांपूर्वी मराठीत ग्रंथरचना केली. 1990 साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष डॉ. यू. म. पठाण होते, आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हा आपल्या मुलांनी या भाषेत पाहुण्यासारखे अंग चोरून बसण्याचे कारण नाही.

परंतु ‘मनातले लिही’ एवढे सांगून शिक्षकाचे काम संपत नाही. पहिल्या बैठकीत लिहिलेले बहुधा कच्चेच असते. ते पुन्हा लिहावे लागते. पुन्हा लिहिणे ही शिक्षा आहे, अशी मात्र मुलांची समजूत झालेली असते. ती दूर करायला आपल्या घरातलाच एक शब्द उपयोगी पडेल. तो शब्द म्हणजे ‘इस्लाह’. उर्दू शायरीत शागिर्द आपली रचना उस्तादाला दाखवीत असे आणि उस्ताद ती सुधारून परत देत असे. मिर्झा गालिब यांचे शागिर्द मुन्शी हरगोपाल तफ्ता आपले शेर टपालाने दिल्लीला पाठवीत. गालिब ते तपासून, कोठे काय खटकते ते पत्रात लिहून कळवीत. इस्लाह घेण्यात शागिर्दाला कमीपणा वाटत नसे. आपला उस्ताद कोण, हे तो अभिमानाने सांगे. वहीवरच्या तांबड्या शाईला तोच मान आपण मिळवून दिला पाहिजे.

वर्गात मी हे कसे करतो ते थोडक्यात सांगतो. पहिल्या दिवशी वीस मिनिटे मुलांनी न थांबता लिहावयाचे. ऱ्हस्व-दीर्घाची चिंता करावयाची नाही. दुसऱ्या दिवशी जोडीजोडीने एकमेकांना वाचून दाखवावयाचे. ऐकणाऱ्याने फक्त ‘मला हे कळले नाही’ किंवा ‘हे आणखी ऐकायला आवडेल’ एवढेच सांगावयाचे. मग वह्या माझ्याकडे येतात. मी वाक्ये बदलीत नाही. समासात दोनच प्रश्न लिहितो. मूल दुसऱ्यांदा लिहिते. शुद्धलेखन, विरामचिन्हे, परिच्छेद हे सर्व तिसऱ्या फेरीत. भिंत उभी राहण्याआधी कोणी चुना लावीत नाही.

एक उदाहरण देतो. आठवीतल्या एका मुलाने लिहिले होते, “माझे बाबा आखातात नोकरी करतात. ते फार कष्टाळू व प्रेमळ आहेत.” मी समासात विचारले, “बाबा घरी आले आहेत हे तुला कशावरून कळते? ते गेल्यावर घरात काय बदलते?” चार दिवसांनी वही आली. त्यात असे होते : “बाबा आले की दारात मोठ्या चपला दिसतात. दोन महिने मी त्या ओलांडून शाळेत जातो. बाबा गेले की अम्मी त्या धुते, वाळवते आणि कागदात गुंडाळून फळीवर ठेवते. त्या दिवशी ती जास्त बोलत नाही.”

‘कष्टाळू’ आणि ‘प्रेमळ’ हे दोन्ही शब्द निघून गेले, आणि त्या शब्दांत जे सांगावयाचे होते ते आता दिसू लागले. हे वाक्य कोणत्याही गाईडात मिळणार नाही. ‘सर, अम्मीच्या जागी आई लिहू का?’ असे त्याने विचारले. मी म्हटले, “घरी जी हाक मारतोस तीच लिही.” बोलीचा शब्द जेथे शोभतो तेथे तो असावा. प्रमाण मराठी शिकवावयाची ती बोलीची लाज वाटावी म्हणून नव्हे.

आता शंकांकडे वळतो. वर्गात साठ मुले, पोर्शन मोठा, मग वेळ कोठून आणावयाचा? माझे उत्तर असे की, वर्षात अठरा निबंध एकदा लिहून घेण्यापेक्षा सहा निबंध तीनदा लिहून घ्यावेत. श्रम तेवढेच, पण मूल पुढे सरकते. गुणांची चिंता करणाऱ्या पालकांना मी सांगेन की, पाठ केलेल्या निबंधाचा विषय परीक्षेत थोडा जरी बदलला तरी मूल गोंधळते. ज्याला स्वतःचे वाक्य लिहिण्याची सवय आहे, त्याला विषय नवा असला तरी सुरुवात सापडते.

तिसरी शंका सर्वांत नाजूक आहे. एक पालक मला भेटायला आले आणि म्हणाले, “गुरुजी, आमच्या घरातल्या गोष्टी वहीत कशाला? लोक काय म्हणतील?” त्यांची काळजी खोटी नव्हती. घराची अब्रू जपणे हा आईबापांचा हक्क आहे. म्हणून माझ्या वर्गात तीन नियम आहेत. काय लिहावयाचे ते मुलाने ठरवावे. घरच्या दुःखाविषयी लिहिण्याची सक्ती कोणावर नाही. जे जोडीदाराला दाखवावयाचे नसेल, ते पान दुमडून ठेवावे. ते फक्त मी वाचतो. आणि मुलाच्या संमतीवाचून कोणतीही वही वर्गात मोठ्याने वाचली जात नाही. पण आपले वडील दूर आहेत, घरात पैशाची ओढ आहे, हे मुलाला लिहिल्याने समजत नाही. ते त्याला आधीच समजलेले असते. लिहिल्याने त्याला ते नीट सांगता येते, एवढाच फरक.

पालकांना माझी विनंती अशी. मुलाचा निबंध तुम्ही लिहून देऊ नका. वही हाती आली तर चुका मोजण्याआधी एकदा त्याच्याकडून वाचून घ्या. ज्या माता-पित्यांना वाचता येत नाही त्यांनी तर अवश्य ऐकावे. ऐकणाऱ्याला कोठे कळले नाही, हे सांगायला शिक्षण लागत नाही. मुलगी लिहीत बसली असेल तर ‘आधी भांडी घास’ असे म्हणण्यापूर्वी अर्धा तास थांबा. मुलाला थांबता, तसे तिच्यासाठीही थांबा.

विद्यार्थी मित्रांनो, पहिला खर्डा फाडून टाकू नका. तो जपून ठेवा आणि तिसऱ्या खर्ड्याशेजारी ठेवून वाचा. आपण किती चाललो, हे त्यावरून समजेल.

शेवटी संस्थेच्या चालकांना एक सूचना करतो. पुढील वर्षीच्या स्मरणिकेत आठ पाने विद्यार्थ्यांच्या स्वतःच्या लेखनासाठी राखून ठेवावीत. त्यातली वाक्ये आम्ही शिक्षकांनी सजवू नयेत. जाहिरातींच्या आणि अहवालाच्या पानांत ही आठ पाने थोडी साधी दिसतील. पण आपल्या मुलांनी आपले घर, आपला मोहल्ला आपल्या शब्दांत लिहिला आहे, हे आपल्याला छापलेले वाचायला मिळेल.