सोन्याच्या गावातले पाणी



दौलताबादच्या किल्ल्यातला हत्ती हौद ज्यांनी पाहिला आहे, आणि १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीचा दरबार, दप्तर, फौज व रयत या मुलखात आणून वसविली तेव्हा एवढ्या माणसांच्या रोजच्या तहानेचा बंदोबस्त कसा झाला असेल, याचा ज्यांनी क्षणभर तरी विचार केला आहे, त्यांना आजचा विषय परका वाटू नये. ओसाड प्रदेशात सोने सापडले म्हणून एकाएकी उभ्या राहिलेल्या नगरांतील नित्याचे जीवन, हा तो विषय होय. अशा नगरांचे वृत्तान्त सोने सापडलेल्या भाग्यवंतांच्या नावांनी भरून गेलेले असतात. परंतु तेथील माणसांचा दिवस उगवे आणि मावळे तो पाण्याच्या चिंतेत, आणि म्हणून त्या नगरांचा इतिहास पाणी आणणाऱ्यांपासून लिहिला पाहिजे, असे माझे मत आहे.

आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानात तेव्हा असलेल्या रायचूर जिल्ह्यात, लिंगसूगूर तालुक्यात, हट्टी येथे सोन्याची खाण आहे. १८८६ मध्ये निजाम सरकारने खनिजांचा इजारा परकी भांडवलदारांस दिला आणि दोनच वर्षांत ते प्रकरण ब्रिटिश पार्लमेंटच्या चौकशी-समितीपुढे गेले, हे संस्थानाच्या इतिहासाच्या अभ्यासकांना ठाऊक आहे. पण या इजारदारांच्या कितीतरी शतके आधी तेथे माणसे खोल उतरलेली होती. खडकाला आग लावून तो तापवावयाचा, तडकला म्हणजे फोडावयाचा, अशा रीतीने ते प्राचीन खाणकरी सुमारे ६४० फुटांपर्यंत पोचले. दिव्याचा धूर, वर्षानुवर्षे खाली सोडलेले सरपण, वर आणलेला दगड कुटून त्याचे पीठ करणारे हात, यांची नोंद कोणत्याही शिलालेखात नाही. जवळच्याच मस्कीला अशोकाचा लेख आहे. तोही १९१५ मध्ये सोन्याच्या शोधात हिंडणाऱ्या बीडन नावाच्या खाण-अभियंत्यास सापडला, आणि ‘अशोक’ हे नाव त्यात स्पष्ट कोरलेले असल्यामुळे इतर शिलालेखांतला ‘देवानांप्रिय’ राजा कोण, या वादाचा निकाल लागला. सम्राटाचे नाव खडकावर राहिले. खाणीत उतरणाऱ्यांपैकी एकाचेही राहिले नाही.

खऱ्याखुऱ्या वाळवंटातील नगर पाहावयाचे तर मात्र पश्चिम ऑस्ट्रेलियात जावे लागते. १८९२ च्या सप्टेंबरात आर्थर बेली आणि विल्यम फोर्ड यांना कूलगार्डी येथे सोने सापडले. पुढच्याच वर्षी जूनमध्ये पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन सोबत्यांना आज ज्यास कॅलगुर्ली म्हणतात तेथे सापडले. वर्षाकाठी दहा-अकरा इंच पाऊस, तोही लहरी. नदी नाही, गोड्या पाण्याची विहीर नाही. आणि अशा ठिकाणी हजारो माणसे तंबू आणि गोणपाटाच्या भिंती उभारून राहू लागली. सोने धुवावयास पाणी नसल्याने ते वाऱ्यावर काढीत. खळ्यावर आपला शेतकरी धान्य उपणतो त्याप्रमाणे माती उंचावरून एका पसरट भांड्यातून दुसऱ्यात सोडावयाची. धूळ उडून जाई, जड कण खाली पडत. दिवसभर हे काम करणाऱ्याच्या डोळ्यांत, नाकात, अन्नात ती तांबडी धूळच असे, आणि संध्याकाळी ती धुवावयास तांब्याभर पाणी मिळेलच याची शाश्वती नसे.

पाणी विकत मिळे. खाऱ्या सरोवरांतील पाणी लोखंडी टाक्यांत उकळावयाचे, वाफ लांबच लांब नळ्यांतून नेऊन निववावयाची आणि ठिबकलेले पाणी गॅलनच्या मापाने मोजून द्यावयाचे, हा तेथील मोठा धंदा होता. टंचाईच्या दिवसांत एका गॅलनला शिलिंगांत दाम मोजावे लागत. या भट्ट्यांच्या तोंडी भोवतालचे रान गेले. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याने डबक्यातले पाणी प्यावे. आणि ते प्याल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. विषमज्वराने तंबूंतील इस्पितळे भरून गेली, आणि कूलगार्डीच्या जुन्या दफनभूमीत विशीतिशीतल्या तरुणांच्या कबरी मोठ्या संख्येने आहेत. ओले गोणपाट चहूबाजूंनी लावलेले, वाऱ्याने आतील लोणी-मांस थंड राखणारे एक कपाट त्याच गावात निघाले आणि गावाच्याच नावाने ऑस्ट्रेलियाभर गेले. तेवढी एक सुखाची वस्तू त्या काळाने मागे ठेवली.

या नगरांना अन्न, अवजारे आणि पाणी पोचविणारे उंट आणि त्यांचे सारवान आपल्याच बाजूचे होते, ही गोष्ट आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. बलुचिस्तान, पेशावर, पंजाब, सिंध येथील ही माणसे कराचीहून जहाजाने उंटांसह गेली आणि तेथे सरसकट ‘अफगाण’ म्हणविली गेली. १८९६ मध्ये आगगाडी येईपर्यंत तिच्या शेवटच्या स्थानकापासून पुढचा बराचसा व्यवहार त्यांच्या काफिल्यांवर चाले. फैज आणि ताज महंमद हे बंधू या धंद्यातले बडे व्यापारी. ताज महंमदाचा १८९६ च्या जानेवारीत कूलगार्डीच्याच मशिदीत नमाज पढत असताना खून झाला. ज्यांच्या पाठबळावर वस्ती जगली त्या सारवानांना तंबूही गावाबाहेर ठोकावे लागत, आणि आशियाई म्हणून सोने खणण्याचा परवाना त्यांना सहसा मिळत नसे. हा अन्याय नुसता नोंदवून पुढे जाणे मला जमत नाही. कारण त्या नगरांचे गौरवग्रंथ चाळताना या माणसांना पानाच्या कडेलाच जागा दिलेली आढळते.

पाण्याचा कायमचा उपाय सी. वाय. ओकॉनर या मुख्य अभियंत्याने काढला. पर्थजवळच्या हेलेना नदीवर मंडेरिंग येथे धरण बांधावयाचे, आणि तीस इंची पोलादी नळातून, वाटेत आठ ठिकाणी वाफेच्या पंपांनी चढवीत, सुमारे ५३० किलोमीटर दूर पाणी न्यावयाचे. वृत्तपत्रांनी त्याच्यावर अकार्यक्षमतेचे आणि लाचलुचपतीचे आरोप केले. १० मार्च १९०२ रोजी त्याने समुद्रकाठी आत्महत्या केली, आणि त्यानंतर वर्षाच्या आतच, २४ जानेवारी १९०३ रोजी, पाणी सोडण्याचा समारंभ झाला. तोवर कूलगार्डीचे सोने ओसरू लागले होते आणि माणसे चंबूगबाळे उचलून कॅलगुर्लीकडे व त्यापुढे निघाली होती. पत्र्याची घरेदेखील उकलून गाडीवर घालून नेली गेली. नळ मात्र जागच्या जागी राहिला. पुढे त्याला शाखा फुटल्या, वाटेवरच्या कोरड्या पट्ट्यात त्याच पाण्यावर गव्हाची शेते करणारी गावे आणि मेंढरांचे कळप वाढले, आणि आजही मंडेरिंगचे पाणी त्याच मार्गाने पूर्वेकडे जात आहे.