अपघाताची भरपाई आणि टक्क्यांचा हिशेब



शेठ वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर साखर कारखाना उभारला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. या मुलखात गळीत हंगाम सुरू झाला की उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्याने चालतात. मागच्या ट्रॉलीस तांबडा दिवा नसला म्हणजे दुचाकीवरील मनुष्यास ती अंधारात दिसतच नाही. अशा अपघातातून वाचलेल्या मनुष्याच्या दारी पुढे विमा-कंपनीचा कागद येतो. आजचे बोलणे त्या कागदाविषयी आहे.

परक्याच्या इजेबद्दल मोटारमालकाने विमा उतरलाच पाहिजे, हा दंडक आपल्याकडे १९३९ च्या कायद्याने घातला. सांप्रत १९८८ चा मोटार वाहन कायदा चालू आहे, आणि १ एप्रिल २०२२ पासून त्यातील नव्या तरतुदी अमलात आल्या आहेत. त्यांप्रमाणे कंपनीचा नेमलेला अधिकारी जखमी इसमापुढे तडजोडीची रक्कम ठेवू शकतो. ती मान्य केल्यास न्यायाधिकरण तशी नोंद करते. नाकारल्यास प्रकरण बुडत नाही; सुनावणीची तारीख पडते, इतकेच. ही गोष्ट पुष्कळांस ठाऊक नसते, आणि 'घ्या, नाहीतर हेही जाईल' या शब्दांना माणसे भितात.

दुसरी एक मेख आहे. चूक कोणाची हे सिद्ध न करता जबर दुखापतीबद्दल अडीच लक्ष रुपये मिळण्याची सोय कायद्यात आहे. निकड असेल त्यास ती उपकारकच आहे. परंतु ती रक्कम तडजोडीने पत्करली की मोठ्या भरपाईचा अर्ज आपोआप निकालात निघतो. हात कायमचा अधू झालेल्या कामगाराने हे ध्यानात न घेता सही करावी, हे मला तरी फार अनिष्ट वाटते.

आता मुख्य मुद्दा. डॉक्टरांच्या दाखल्यावर अपंगत्वाचे टक्के असतात. कंपनी तेच टक्के, बहुधा सबंध शरीराच्या मानाने कमी करून, कमाईच्या हानीचे म्हणून धरते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या प्रकरणात हे दोन हिशेब निराळे केले. सुताराचा अथवा मोटार हाकणाऱ्याचा डावा हात गेला तर त्याची जवळजवळ सर्वच कमाई बुडू शकते. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेलही. तेव्हा हात किती गेला याबरोबरच त्या हाताने कोणते काम होत होते, हे पाहावयाचे.

एक कल्पित उदाहरण घेऊ. लेथवर काम करणारा अडतीस वर्षांचा गृहस्थ, पगार दरमहा २०,०००. म्हणजे वर्षास २,४०,०००. सरला वर्मा प्रकरणातील २००९ च्या निर्णयाप्रमाणे या वयास गुणक १५. गुणाकार ३६ लक्ष. कंपनीने हानी पंधरा टक्के धरली तर ५,४०,००० होतात. तीच हानी, लेथ चालविता येत नाही म्हणून, चाळीस टक्के ठरली तर १४,४०,०००. फरक नऊ लक्षांचा! औषधोपचार, बुडालेला पगार, वेदना आणि पुढील पगारवाढ यांचा हिशेब वेगळाच.

हे पटवून देण्यास तोंडी कळवळा पुरत नाही. फिर्याद, पंचनामा, इस्पितळाची बिले, पगारपत्रके, आणि पूर्वी कोणते काम होते व आता कोणते दिले आहे याचे कारखान्याचे पत्र, एवढे जपून ठेवावे. दाखला देणारे डॉक्टर साक्षीस येतील की नाही, हेही आधीच विचारून घ्यावे.

घाई कोठे करावी आणि कोठे नाही, यात लोकांची उलटापालट होते. अपघातापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करावा. या मुदतीचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला असला तरी त्यावर विसंबू नये. तडजोड मात्र हाड सांधून, डॉक्टरांनी कायमचे अपंगत्व ठरविल्यावरच करावी. अर्ज आपण राहतो तेथील न्यायाधिकरणातही करता येतो. अपघात सोलापुरास झाला म्हणून इंदापूरच्या मनुष्याने तेथे खेपा घालण्याचे कारण नाही.

लोकअदालतीत प्रकरण लवकर मिटते, पण तेथील निवाड्यावर अपील नाही. म्हणून सहीपूर्वी विचारावे, या रकमेत व्याज धरले आहे काय, इस्पितळाचे राहिलेले देणे कोण देणार, आणि पैसे कोणत्या तारखेस खात्यावर जमा होणार. उत्तरे तडजोडीच्या कागदावरच लिहून घ्यावीत.