रोगनिवारण कीं रूपसाधन?

भाजलेल्या चेहऱ्यावर शस्त्रवैद्यानें नवी कातडी बसविली, तर त्यास कोणी नटणें म्हणत नाहीं. तीच विद्या सरळ नाक अधिक सुबक करण्याकडे योजिली, तर तो खर्च हौसेचा ठरतो. मग देहाचें लिंग आणि अंतरीं जाणवणारें लिंग यांतील विसंगति घालविण्यासाठीं केलेली शस्त्रक्रिया कोणत्या सदरांत घालावयाची? अमेरिकेंत या प्रश्नाचा सांगोपांग ऊहापोह एका प्राप्तिकराच्या खटल्यांत झाला.

मॅसॅच्युसेट्स प्रांतांतील रियानन ओडॉनव्हन या बाई जन्मतः पुरुष गणल्या गेल्या होत्या. लिंगबोधाचा विकार असल्याचें निदान झाल्यावर त्यांनीं संप्रेरकें घेतलीं, २००१ सालीं शस्त्रक्रिया करविली, आणि वीस हजार डॉलरांहून अधिक झालेला खर्च वैद्यकीय म्हणून करांतून वजा मागितला. करखात्यानें ही सौंदर्यशस्त्रक्रिया ठरवून मागणी फेटाळली.

खात्याचा पक्ष अगदींच पोकळ नव्हता. केवळ रूप सुधारणारा खर्च तेथील कायदा वगळतो. शिवाय निरोगी अवयवावर शस्त्र चालविणें हा उपचार कसा, ही शंका कोणालाहि येईल. २०१० सालीं करन्यायालयानें बहुमतानें निर्णय दिला कीं, मनाचा विकार हाहि रोगच होय. तो तीव्र असतां वैद्यकमान्य पद्धतीनें केलेली शस्त्रक्रिया हा त्याचा उपचार होय. संप्रेरकें व जननेंद्रियांवरील शस्त्रक्रिया यांचा खर्च मान्य झाला. स्तनवर्धनाचा मात्र नामंजूर झाला. कारण संप्रेरकांनीं वाढ झालेलीच होती, आणि अधिकाची गरज वैद्यांनीं नोंदविलेली नव्हती. पुढें २०११ सालीं करखात्यानेंहि हा निर्णय स्वीकारला.

एकाच बाईंच्या उपचारांत न्यायालयानें अशी निवड केली, हेंच या निकालाचें मर्म होय. शस्त्रक्रियेच्या नांवावरून उत्तर मिळत नाहीं. रोग्याची पीडा, वैद्याचें निदान आणि त्या उपायाची गरज पाहावी लागते.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या रोगसूचींत ही विसंगति मनोविकारांतून काढली, परंतु सूचींतून वगळली नाहीं. तिला लैंगिक आरोग्याच्या प्रकरणांत स्थान दिलें. वेडाचा शिक्का पुसावा, पण उपचाराचें दार बंद होऊं नये, हा त्यांतील हेतु.

श्रीमंतास हा वाद शब्दांचा वाटेल. ज्यास खर्च झेपत नाहीं, त्याचा उपचार होणें न होणें मात्र या एका शब्दावर अवलंबून राहतें. म्हणून तो शब्द उच्चारण्यापूर्वीं रोग्याचें म्हणणें आणि वैद्याचा लेख दोन्ही वाचले पाहिजेत.