पुलाच्या पोटाची पट्टी
स्वित्झर्लंडमधील ल्यूसर्नजवळचा ईबाख पूल १९६९ साली बांधला गेला. पुढे वाहतुकीचे दिवे बसविण्यासाठी छिद्रे पाडताना त्याच्या पोटातील ताणलेल्या काही पोलादी तारा तुटल्या. १९९१ साली तळाला कार्बन तंतूंच्या पातळ पट्ट्या कृत्रिम राळेने चिकटविण्यात आल्या. जेथे १७५ किलो पोलादी पत्रे लागले असते, तेथे ६.२ किलो वजनाच्या पट्ट्या पुरल्या.

खरी कसोटी मात्र काँक्रीटच्या कातडीची. पट्टी सहसा तुटत नाही. काँक्रीटचा पापुद्रा घेऊन ती एकाएकी सुटते. म्हणून वरचा दुबळा थर खरवडून खडी उघडी पाडावी लागते. आत सळई गंजत असता वर पट्टी लावणे हे तर जखम न धुता पट्टी बांधण्यासारखेच! आगीत ही राळ लवकर मऊ पडते. तेव्हा पट्टी गळून पडली तरी पूल निदान स्वतःचा भार पेलील काय, हा हिशेब अभियंते आधीच मांडतात.