गळा, श्वास आणि भाव

(शिक्षक-संमेलनातील भाषण)



समूहगीत बसविताना आपण मुलांना दोन सूचना हमखास देतो : "मोठ्याने म्हणा" आणि "भाव आणून म्हणा." पहिलीने गळ्याच्या शिरा ताणतात, दुसरीने हातवारे वाढतात, गाणे मात्र होते तेथेच राहते. गळ्याची शिस्त आणि मनातील भाव ही एकाच वेळी, एकमेकांच्या आधाराने शिकवावी लागतात, एवढेच आज मला सांगावयाचे आहे.

याचे उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. १९९६ साली माजलगावच्या भीमनगरात स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित करण्यात आल्या, त्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्याही आहेत. दळताना श्वास जात्याच्या फेऱ्याशी जुळवावा लागतो आणि ओवीचा चरण त्या श्वासात बसवावा लागतो. आपल्या मायबहिणींचे श्रम आणि जिव्हाळा अशा रीतीने एकाच लयीत चालत आले.

श्वासच दुबळा झाला तर काय करावे, हे कुमार गंधर्वांनी दाखविले. ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. १९४८ साली ते देवासला राहावयास गेले. काही वर्षे गाणे बंद राहिले व एक फुप्फुस अधू झाले. पुढे ते लहान, नेमक्या स्वरवाक्यांतून गाऊ लागले, आणि मधले विरामही अर्थपूर्ण झाले. मर्यादा ओळखून घेतल्याने भाव उणावला नाही.

आता माझी एक चूक सांगतो. तरुणपणी एका शाळेत मी स्पर्धेसाठी गीत बसवीत होतो. ऊसतोडीहून परतलेला एक मुलगा तन्मयतेने, परंतु बेसूर गाई. मी त्याला म्हणालो, "तू नुसते ओठ हलव." त्याने तसे केले. पुढे वर्गातही तो कधी गायला नाही. वस्तुतः पेटीची पट्टी मी माझ्या गळ्याच्या सोयीने धरली होती. त्याच्या गळ्याला ती पेलत नव्हती.

म्हणून पट्टी मुलांच्या गळ्याला पेलेल अशीच धरावी. आधी पदाचा अर्थ सांगावा आणि अर्थ जेथे थांबतो तेथे श्वास घ्यावयास शिकवावे. पाठ ताठ, पण खांदे सैल असावेत. बेसूर गाणाऱ्यास पेटीजवळ बसवून एकच स्वर पुनःपुन्हा ऐकवावा व हलकेच गुणगुणू द्यावे.

सूर चुकला तर उद्या सुधारता येईल. परंतु कोणत्याही मुलाचे ओठ आपल्या शब्दाने मिटू नयेत, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.